मालवणची उतारू बोट

मालवण बंदराच्या धक्क्याला आगबोट कधी लागली नाही. ज्यांनी बोटीचा प्रवास केलेला नाही त्यांना हे आधीच सांगायला हवं, कारण आमच्याकडच्या बोटीची सगळी कहाणी या एका गोष्टीभोवती फिरते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली खडकच खडक आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ साली किल्ल्यासाठी हे बेट निवडलं ते त्या खडकांच्या भरवशावर. वाट माहीत नसलेलं गलबत इथे आत शिरू धजत नाही. पण खडक शत्रूचा आणि आपला असा भेद करत नाहीत. मुंबईची बोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, आंब्याच्या पेट्या, टपालाच्या थैल्या, आजारी म्हातारे, नव्या नवऱ्या, सगळं पडावात, म्हणजे वल्ह्यांच्या होडीत, घालून न्यायचं आणि आणायचं.

माझे वडील बोटीच्या एजंटाकडे कारकून होते. मी १९५७ सालची. माझ्या लहानपणी घरात घड्याळापेक्षा बोटीची वेळ जास्त महत्त्वाची होती. मुंबईहून सकाळी सुटलेली बोट संध्याकाळी रत्नागिरी करून आमच्याकडे यायची ती आडरात्री. वडील जेवून जरा आडवे व्हायचे आणि मध्यरात्रीच्या सुमाराला उठून अंगावर कांबळं घेऊन बंदरावर जायचे. हातात कंदील, काखेत वही. कधीकधी हट्ट करून मीही जायची. बंदरावर मिट्ट काळोख असे, मासळीचा आणि ओल्या सुंभाचा वास, चार-दोन बैलगाड्या, आणि नातेवाइकांना घ्यायला आलेली माणसं वाळूतच अंग टाकून पडलेली. मग किल्ल्याच्या पलीकडे एक पिवळा ठिपका दिसायचा. तो तारा नाही हे आधी पडाववाल्यांना कळायचं. कुणीतरी ओरडायचं, ‘इली रे, बोट इली!’ आणि झोपलेलं सगळं बंदर एकदम उठून बसायचं. पाठोपाठ भोंगा. तो भोंगा गावात आत, भरडापर्यंत ऐकू जायचा आणि ज्यांचं कुणी येणार नसे तेसुद्धा कूस बदलून म्हणायचे, बोट आली.

वडिलांची ती वही म्हणजे उतारूंची यादी. ‘उतारू’ हा शब्द आता फारसा कुणी वापरत नाही. प्रवासी म्हणतात. पण आमच्याकडे चढणाराही उतारूच आणि उतरणाराही उतारूच. वडील पडाव सुटण्याआधी माणसं मोजायचे, यादीशी ताडून पाहायचे आणि पुन्हा एकदा मोजायचे. दोनदा का, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, ‘रामदासनंतर मी दोनदाच मोजतो.’

रामदासबद्दल नंतर सांगते. आधी ही बोट आमच्या किनाऱ्यावर आली कशी ते सांगायला हवं. मुंबईत शिक्षिकेची नोकरी संपल्यावर मी हे वाचून काढलं आणि वडिलांनी सांगितलेल्या कितीतरी गोष्टींचा अर्थ मला तेव्हा लागला.

आगबोटीच्या आधी कोकणातला माणूस मुंबईला जायचा तो शिडाच्या गलबतातून, मचव्यातून. वारा मिळाला तर चार दिवस, नाही मिळाला तर कुठल्यातरी खाडीत नांगर टाकून वाट बघत बसायचं. बरोबर घेतलेले पोहे आणि पाणी संपलं तर जवळच्या गावात उतरून मागून आणायचं. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी १८४५ साली निघाली आणि हळूहळू या किनाऱ्यावर कोळशाच्या बोटी धावू लागल्या. १९०६ पासून तिचा कारभार किलिक निक्सन कंपनीकडे होता. तो काळ स्वदेशीचा. साहेबाच्या बोटीत भाडं मोजून वर अपमान का सोसायचा, या विचाराने आपल्या लोकांनी भागभांडवल गोळा करून स्वदेशी बोटकंपनी काढली. तिचं कागदावरचं नाव लांबलचक, इंग्रजी होतं. लोक मात्र तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. या नावातलं ‘माझी’ मला फार मोलाचं वाटतं. ज्यांच्या घरात ट्रंकेपलीकडे मालमत्ता नव्हती त्यांनी एका आगबोटीला माझी म्हटलं होतं.

बोटींच्या नावांवरूनही कंपनी ओळखता यायची. जुन्या कंपनीच्या बोटी चंद्रावती, प्रभावती, हिरावती अशा होत्या आणि पुढच्या काळात साबरमती, सरस्वती आल्या. स्वदेशी कंपनीच्या बोटींना संतांची नावं होती, तुकाराम, रामदास. माझी आजी लिहिता-वाचता येत नसूनही बोटी नावाने ओळखायची. कुठल्या बोटीतून कोण आलं, कोण गेलं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं माणूस गेलं, हे सगळं ती बोटीच्या नावावर लावून लक्षात ठेवायची. ‘तुझो बापूस मुंबईसून इलो तो प्रभावतीन,’ असं ती सांगायची, जणू प्रभावती म्हणजे शेजारची कुणी बाई.

कोकणच्या बोटीवर बसणारा मुख्य माणूस म्हणजे चाकरमानी. गिरणीत साचे चालवणारा, गोदीत ओझी उचलणारा, परळ-लालबागच्या खोलीत दहा-बाराजणांत पथारी टाकणारा. त्याची मनीऑर्डर टपालाने यायची, तो स्वतः बोटीने यायचा. मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावर जी गर्दी उसळायची तिचं वर्णन वडील नेहमी करायचे, पण ती खरी कळली मी स्वतः मुंबईला नोकरीला लागल्यावर. आदल्या रात्रीपासून लोक वळकट्या टाकून रांगेत. डेकवर जागा राखायची ती धावत जाऊन चटई पसरून. एकदा चटई पडली की ते तुमचं घर. शेजारच्या चटईवर पाय पडला तर माफी मागायची, डबा उघडला तर शेजाऱ्याला विचारायचं. वरच्या डेकला वारा, खालच्या डेकला इंजिनाची धग आणि तेलाचा वास. आमच्यासारख्यांचं तिकीट नेहमी खालचं. रात्री मात्र कुणी अडवत नसे. लोक वर येऊन कठड्याला टेकून उभे राहत आणि किनाऱ्यावरचे दिवे ओळखत. हे जयगड असणार, हे पावस असणार. गणपतीपुळ्याच्या समोरून जाताना माणसं काळोखातच हात जोडायची. देऊळ दिसत नसे, पण दिशा माहीत असे. १९७०नंतर वरच्या डेकवर गोव्याला निघालेली परदेशी पोरं-पोरी दिसू लागली, केस वाढवलेली, गिटार घेऊन बसलेली. त्यांच्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली वेंगुर्ल्याची आजी, मांडीवर आवळासुपारीची डबी. बोट लागली की ती त्या पोरींनाही आवळासुपारी द्यायची. ‘बोट लागणं’ या शब्दाचा अर्थ नव्या पिढीला सांगावा लागतो. बस लागते तशी बोट लागायची, पोटात ढवळून यायचं, आणि ज्याला लागली त्याला कठडा सोडवत नसे.

आता पडावाबद्दल. माझ्या मते या सगळ्या व्यवहारातलं सर्वांत अवघड काम पडाववाल्यांचं होतं आणि त्यांच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं गेलं आहे.

१९६९चा मे महिना. मामाच्या लग्नासाठी आई, मी आणि माझा आठ महिन्यांचा भाऊ मुंबईला निघालो होतो. मुंबईकडे जाणारी बोट पणजीहून सकाळी सुटून आमच्याकडे दुपारी यायची. मे महिन्यातली दुपार म्हणजे खाऱ्या वाऱ्याची वेळ. सकाळी तळ्यासारखा शांत असणारा समुद्र दुपारी ताठ उभा राहतो. पडावात आम्ही तीसेक माणसं, मधोमध ट्रंका आणि पेट्या. वल्ह्यावर दोन्ही बाजूंना खलाशी, मागे सुकाणूवर तांडेल. किल्ल्याच्या आडोशातून बाहेर पडेपर्यंत ठीक होतं. पुढे पडाव वर जायचा, थबकायचा आणि पोटातून काहीतरी काढून घेतल्यासारखा खाली यायचा. समोर ‘कोकण सेवक’ उभी होती. लांबून पांढरी आणि देखणी दिसणारी बोट जवळ गेल्यावर गंजाचे ओघळ असलेली एक उंच भिंत होते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

बोटीच्या कुशीला एक दार आणि त्याला लावलेली शिडी. पडाव लाटेवर चढला की शिडीची पायरी गुडघ्याशी यायची, लाट ओसरली की तीच पायरी डोक्याच्या वर. म्हणजे पाऊल टाकायचं ते लाट माथ्यावर असताना, त्या एका श्वासात. एक क्षण आधी टाकलं तर पाय पोकळीत. एक क्षण उशीर झाला तर पडाव खाली गेलेला आणि माणूस शिडीला लोंबकळतोय. हा क्षण ठरवायचा तो तांडेलाने. तो उतारूंकडे बघतच नसे. तो पाठमोरा, बाहेरच्या समुद्राकडे डोळे लावून उभा असे. येणाऱ्या लाटा मोजायचा, दोन-तीन जाऊ द्यायचा आणि मग एकच शब्द, ‘आता!’ त्या शब्दाला वरचा खलाशी हात ओढणार, खालचा कमरेला रेटा देणार.

माझी पाळी आली तेव्हा मी खाली पाण्याकडे बघत होते. पडाव आणि बोट यांच्यामध्ये हिरवं पाणी फुटत होतं, बंद होत होतं. खालचा खलाशी म्हणाला, ‘चेडवा, खाली बघू नको. माझ्याकडे बघ.’ मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तोंडावर मिठाचे पांढरे डाग सुकले होते. ‘आता!’ झालं आणि मी वर होते.

मग आई. तिच्या कडेवर भाऊ. तांडेल मान न वळवता म्हणाला, ‘वयनीनू, पोराक हडे द्या.’ आई देईना. तिचे हात सुटतच नव्हते. एक लाट गेली, दुसरी गेली. पुन्हा तोच आवाज, तेवढाच शांत. मग तिने पोराला समोरच्या खलाशाच्या हातात दिलं. त्याने ते नाळेवर उभ्या असलेल्याकडे दिलं, त्याने ‘आता’वर वर उचललं, शिडीवरच्याने घेतलं, दारातल्याने आत ओढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. चार जोडी हात. भाऊ रडलासुद्धा नाही. त्याच्या झबल्याला चार ठिकाणी ओले, खारे ठसे उमटले होते. मुंबईला पोचल्यावर आईने ते झबलं धुतलं नाही, तसंच घडी करून ठेवलं.

रामदासची गोष्ट कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगते. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येच्या तोंडावर, दिव्यांच्या अवसेसाठी घरी निघालेले लोक सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या बोटीत बसले. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. काशाच्या खडकाजवळ वादळाने बोटीला गाठलं. लाट एका अंगाने आली, माणसं घाबरून दुसऱ्या अंगाला धावली, बोट कलंडली आणि बघता बघता बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे इतक्या जवळच्या मुंबईला दुपार उलटेपर्यंत खबर नव्हती. जी माणसं वाचली त्यांतली कितीतरी कोळ्यांच्या होड्यांनी पाण्यातून उचलली. त्याआधी १९२७च्या नोव्हेंबरात तुकाराम आणि जयंती या दोन बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या होत्या. इतकं होऊनही लोक बोटीत बसत राहिले, कारण दुसरा रस्ता नव्हता. धाडस म्हणून कुणी जात नसे. घरी जायचं म्हणून जात.

वडील त्या वेळी नुकतेच एजंटाकडे लागले होते. पुढे त्यांनी जी वही घातली तिच्यात प्रत्येक खेपेला दोन आकडे आहेत, शेजारी शेजारी, एकाच शाईत. पहिली मोजणी आणि दुसरी मोजणी.

पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडची बोट बंद. मेअखेरीला शेवटची बोट जायची तेव्हा बंदरावर सगळं गाव लोटायचं. पडाव वाळूत ओढून झापांनी शाकारायचे. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून झाला की पुन्हा पहिल्या भोंग्याची वाट. मधले चार महिने मुंबईला जायचं तर घाट चढून कोल्हापूरमार्गे. लहानपणी मला वाटायचं की समुद्राला दार आहे आणि ते पावसात आतून लावून घेतात.

जुन्या कंपनीनंतर चौगुल्यांच्या कंपनीने ही वाहतूक हाती घेतली. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या त्यांच्याच काळातल्या बोटी, आणि माझ्या पिढीची बोट म्हणजे या दोनच. पुढे सरकारी मोगल लाइनकडे कारभार गेला. हज यात्रेकरूंना नेणारी ही कंपनी १९८६ साली शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली. प्रत्येक बदलात एक-दोन थांबे गळत गेले. लहान बंदरांत गाळ साचत होता, पडावाचा खर्च परवडत नव्हता, डिझेल महागत होतं आणि वर्षातले चार महिने बोट नुसती उभी. दुसरीकडे १९४८ला सुरू झालेली एस.टी. एकेका गावात पोचत होती. महामार्गावर खाड्यांचे पूल झाले. बस घराच्या बांधापाशी उतरवते, तिला पडाव लागत नाही, तिला ‘आता’ म्हणणारा तांडेल लागत नाही. मी स्वतःसुद्धा १९७८नंतर बसनेच जाऊ लागले. दोन लहान मुलं, दोन पिशव्या, आणि परळहून रातराणी. हे मला कबूल करायला हवं, कारण बोट सोडणाऱ्यांत मीही आहे. १९८२च्या संपानंतर गिरण्याच बसल्या. ज्या माणसाच्या येण्याजाण्यावर ही बोट पोसली गेली, त्याच्या पायाखालची मुंबईच सरकली.

शेवटी उरली ती फक्त मुंबई-पणजी फेरी. १९८७ साली भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली, त्या धामधुमीत सैन्याच्या ने-आणीसाठी या मार्गावरची बोट तिकडे वळवली गेली. ऐंशीचं दशक संपेपर्यंत कोकणची बोट बंद झाली होती. निरोपाचा भोंगा नाही, शेवटची फेरी म्हणून जाहीर केलेली तारीख नाही. रोज कामावर जाणारा म्हातारा माणूस एक दिवस गेला नाही आणि मग कधीच गेला नाही, तसं झालं. नव्वदीत दमानिया कंपनीची वेगवान बोट गोव्याला काही तासांत पोचवायची. तीही टिकली नाही, आणि ती मुळात आमच्या बंदरांसाठी नव्हतीच. १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि प्रश्न मिटला असं लोक म्हणाले.

माझ्या मते प्रश्न मिटला नाही, कोकणाने कूस बदलली. माझ्या लहानपणी मालवणचं पुढचं दार समुद्राकडे होतं. पेढ्या, वखारी, खाणावळी, कस्टमची कचेरी, सगळं बंदराकडे तोंड करून. आता पुढचं दार कुडाळच्या रेल्वे स्टेशनाकडे आणि महामार्गाकडे आहे आणि बंदर ही परसदाराची जागा झाली. आज तिथून पर्यटक किल्ल्यावर जायच्या होडीत बसतात. गर्दी चांगली असते, चार पैसे मिळतात, आणि त्याचं मला बरंच वाटतं. पण किल्ल्याच्या पलीकडे, जिथे बोट नांगर टाकायची, तिकडे कुणी बघत नाही. बघण्यासारखं तिथे पाण्याशिवाय काही नाही.

कारभार बंद झाल्यावर एजंटाच्या कचेरीतल्या वह्या रद्दीत गेल्या. वडील तोवर निवृत्त झाले होते. कुणीतरी सांगितलं म्हणून ते रद्दीवाल्याकडे गेले आणि पैसे मोजून एक वही परत घेऊन आले. एकच मिळाली. तिच्यात १९६९चा मे आहे. आईचं नाव, माझं नाव, आणि भावाच्या नावापुढे वडिलांच्या हातचं ‘तान्हे’. आकड्याच्या रकान्यात दोन मोजण्या, दोन्ही ३१.

ज्या तांडेलांनी आणि खलाशांनी आम्हाला बोटीवर चढवलं त्यांची नावं या वहीत नाहीत. ते उतारू नव्हते. त्यांच्यातले जे आज हयात आहेत त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. मालवण, वेंगुर्ला, देवगड, विजयदुर्ग, मुसाकाजी, जयगड, दाभोळ, हर्णै, या प्रत्येक बंदराच्या गावात असे दोघे-चौघे तरी सापडतील. या मे महिन्यात गावी जाल तेव्हा एक संध्याकाळ त्यांच्या खळ्यात जाऊन बसा. लाटा कशा मोजायचे ते विचारा आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. घरात बोटीचं तिकीट, मालाची पावती, डेकवरचा एखादा फोटो असेल तर तो गावच्या वाचनालयात नेऊन द्या. माझ्याकडची वही मी येत्या नारळी पौर्णिमेला देणार आहे.